विषय: ‘जुने’ या नमुन्यामुळे बॅकअपमधून गळालेली दंडारीची ध्वनिमुद्रणे

सप्रेम नमस्कार,

आमच्या वाचनालयाच्या सामायिक फोल्डरचा बॅकअप रोज रात्री मंडळाच्या सर्व्हरवर जातो. काल पडताळणी करताना लक्षात आले की ‘दंडार’ या आमच्याकडील लोकनाट्याच्या फोल्डरमधील वयोवृद्ध कलावंतांची ध्वनिमुद्रणे तिकडे पोहोचलेलीच नाहीत. बॅकअप पाठवणाऱ्या आरसिंक या प्रोग्रामच्या नोंदीत चूक दिसत नाही. सर्वांत वरच्या पातळीवरचा ‘जुने’ हा दुबार फायलींचा फोल्डर जाऊ नये, म्हणून वगळण्याच्या यादीत ‘जुने’ अशी ओळ मी घातली होती. मार्गदर्शन करावे.

वाचनालयाचा कार्यकर्ता, तालुका साकोली

*

स. न. वि. वि.

दोष त्याच ओळीत आहे. तिरकी रेघ नसलेला नमुना आरसिंक फक्त नावाशी जुळवून पाहते आणि ते नाव फोल्डरांच्या उतरंडीत कितीही खोल सापडले तरी वगळते. त्यामुळे ‘दंडार’च्या आत आपण ‘जुने’ याच नावाने ठेवलेला फोल्डरही गळाला. वगळणे ही आपणच दिलेली आज्ञा असल्याने तिची चूक म्हणून नोंद होत नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत धोक्याची वाटते. ओळ ‘/जुने/’ अशी करावी. आरंभीची रेघ नमुन्याला पाठवणीच्या मुळाशी बांधते, शेवटची रेघ तो फक्त फोल्डरला लागू करते. हे मूळ म्हणजे डिस्कचे मूळ नव्हे. आदेशात स्रोताच्या मार्गाच्या शेवटी रेघ नसेल, तर त्या फोल्डरचे नावही पाठवणीत धरले जाते आणि नमुना ‘/वाचनालय/जुने/’ असा लिहावा लागतो.

आतला फोल्डर वाचवण्यासाठी यादीच्या शेवटी ‘समाविष्ट करा’ असा नियम जोडून भागणार नाही, कारण जुळणारा पहिला नियमच चालतो आणि वगळलेल्या फोल्डरच्या आत आरसिंक उतरतच नाही.

टीएमपी शेपटीच्या फायली, थंब्स डॉट डीबी आणि वर्ड उघडे असताना तयार होणाऱ्या, नागमोडी रेघ व डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या फायली खुशाल वगळाव्यात. यंत्र त्या पुन्हा घडवते. जागा वाचवण्यासाठी डब्ल्यूएव्ही फायली मात्र कृपया वगळू नयेत. भाऊबीजेनंतरच्या मंडईत (गावच्या जत्रेत) रात्रभर जागून टिपलेला तो मूळ आवाज आहे, आणि एमपीथ्रीच्या दाबलेल्या प्रतीवरून तो परत मिळत नाही.

बदल केल्यावर आधी ड्राय-रन (काहीही न पाठवता केलेली चाचणी) चालवावा आणि त्यात ‘व्ही’ हा पर्याय दोनदा द्यावा, म्हणजे कोणती फाईल कोणत्या नमुन्यामुळे गळते हे ओळीओळीने दिसेल. गळणाऱ्या फायलींच्या त्या ओळींत ‘दंडार’मधील मुद्रणांचे नाव कुठेही येता कामा नये. मगच खरी पाठवणी सुरू करावी आणि तिला ‘पार्शल’ हा पर्याय लावावा. मध्येच वीज गेली, तरी अर्धी आलेली फाईल आमच्याकडे राहील आणि पुढच्या रात्री तिचा उपयोग होईल.

आपला,
मंडळाचा सर्व्हर सांभाळणारा सभासद