लेमूरचा खालचा सुळा नेमका कोणता?

प्रश्न (सांगली): प्रॅक्टिकलला लेमूरची, म्हणजे मादागास्करच्या माकडासारख्या प्राण्याची, कवटी आहे. खालच्या जबड्यात पुढे सहा बारीक, आडवे दात, मागे एक टोकदार. तोच सुळा ना?

उत्तर (सातारा): नाही हो, इथेच सगळे फसतात. सहांतले मधले चार पटाशीचे, कडेचे दोन सुळे, मिळून दंतफणी. जबडा मिटवून बघा. खरा खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढे बसतो. हा टोकदार मागे बसतो, म्हणजे उपदाढ. वर-खाली प्रत्येक बाजूला २.१.३.३ (पटाशीचे, सुळा, उपदाढा, दाढा), एकूण ३६ दात.

दुसरे उत्तर: सिफाका, इंद्री या लेमूरांच्या फणीत चारच दात, आय-आय या लेमूरला फणीच नाही. अंग विंचरताना फणीत अडकलेले केस जिभेखालची खरखरीत उपजीभ काढते, ती अर्थात कवटीत सापडणार नाही. केसांनी दातांवर पडलेल्या बारीक खाचा मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आणि कवटी उचलताना फणीला धरू नका, मोडते.

प्रश्नकर्ता: मिटवून पाहिलं. मागेच बसतो!