मदत हवी आहे : १३०० सीसीचा वर्ग, ओव्हरसाइज पिस्टन आणि बदललेली नियमावली

नमस्कार. हौशी कार शर्यतींच्या तांत्रिक नियमांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे.

मी सोलापूरचा. आमच्याकडे २००७ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. तिच्यात मारुतीचे जुने जी१३बीबी हे १२९८ सीसीचे इंजिन आहे. पुढच्या हंगामात हौशी स्पर्धकांसाठीच्या सर्किट शर्यतीत, १३०० सीसीपर्यंतच्या वर्गात, ही गाडी उतरवण्याची माझी आणि माझ्या धाकट्या भावाची मनापासून इच्छा आहे. सोलापुरात चांगल्या मिस्त्रींची वानवा नाही, आणि लेथवर मापाबरहुकूम काम करून देणारे कारागीर तर फारच उत्तम आहेत. परंतु शर्यतीची नियमावली हाताळलेला माणूस जवळपास भेटत नाही, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

मुख्य अडचण इंजिनाची आहे. गाडी तेल खाऊ लागल्यामुळे हेड उतरवून पाहिले, तेव्हा सिलिंडर घासल्याचे दिसले. इंजिन बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करून, त्यांत अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन टाकावेत, असा सल्ला मिस्त्रींनी दिला. रोजच्या वापरातल्या गाडीसाठी हा सल्ला अगदी योग्य आहे. मात्र शर्यतीच्या दृष्टीने हिशेब मांडल्यावर काळजी वाटू लागली. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार सिलिंडरांचे मिळून सुमारे १२९८.८ सीसी होतात. अर्ध्या मिलिमीटरने बोअर वाढवला तर तेच १३१६ च्या पुढे जातात. पाव मिलिमीटरचे पिस्टन घेतले तरी १३०७ ओलांडले जातात. उलट बाजूने मोजले तर १३०० च्या आत राहण्यासाठी बोअर जेमतेम तीन शतांश मिलिमीटरने वाढवता येतो, आणि तेवढ्या फरकाचे पिस्टन बाजारात मिळत नाहीत. मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (एफआयए) ‘परिशिष्ट जे’ या तांत्रिक नियमावलीत ग्रुप एनच्या, म्हणजे मूळ स्वरूपाच्या जवळ राहणाऱ्या, गाड्यांना ०.६ मिलिमीटरपर्यंत रीबोअरची मुभा असल्याचे मी वाचले आहे. त्या मुभेचा आधार आम्हाला घेता येईल का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न नियमांमधील बदलांचा. गेल्या वर्षीच्या नियमपत्रकात एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट हवे तसे बदलण्याची स्पष्ट परवानगी होती. यंदाच्या पत्रकात ते दोन्ही ‘कारखान्यातून आल्याप्रमाणे’ ठेवावेत असे म्हटले आहे, आणि स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बरबद्दलचे वाक्य तर पूर्णपणे गाळले आहे. आयोजकांपैकी एकाला दूरध्वनीवर विचारले असता ‘पत्रकात मनाई नाही, म्हणजे चालेल’ असे उत्तर मिळाले. ज्या गोष्टीबद्दल पत्रक काहीच बोलत नाही, ती करायला मोकळीक आहे असे समजावे की मनाई आहे असे समजावे? चांगल्या शॉकॲब्सॉर्बरचा खर्च लक्षात घेता हे आधीच नक्की कळलेले बरे.

तिसरा प्रश्न रोलकेजचा, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या आतल्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचा आहे, आणि भाऊ स्वतः गाडी चालवणार असल्यामुळे माझ्या दृष्टीने तोच सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एक फॅब्रिकेटर साखर कारखान्यांची कामे करतात. बॉयलरच्या सीमलेस (बिनजोड) ट्यूब त्यांच्याकडे नेहमी शिल्लक असतात आणि त्यांतून केज बांधून देण्याची त्यांची तयारी आहे. त्यांचे वेल्डिंग मी पाहिले आहे, ते अतिशय सुबक असते. अशी ट्यूब तपासणीत मान्य होईल का? शिवाय गाडीची नोंदणी एमएच-१३ ची आहे आणि एरवी ती घरच्या कामाला वापरली जाते. केज बसवल्यावर ती रस्त्यावर चालवण्यात कायद्याची अडचण येईल का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. शर्यतींत वाहन-तपासणीचे काम मी बराच काळ केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

तुमचा हिशेब बरोबर आहे आणि तो बोअरिंगच्या आधी केलात हे फार चांगले झाले. ग्रुप एनमधील ०.६ मिलिमीटरच्या सवलतीला त्याच वाक्यात एक अट जोडलेली आहे : रीबोअरमुळे वर्गाची क्षमता-मर्यादा ओलांडली जाता कामा नये. त्यामुळे तुमच्या इंजिनाला त्या सवलतीचा काहीही उपयोग नाही. ओव्हरसाइज पिस्टन टाकलेत तर गाडी थेट वरच्या वर्गात जाईल आणि तिथे १६०० सीसीच्या गाड्यांशी गाठ पडेल. त्याऐवजी सिलिंडरमध्ये नवीन स्लीव्ह (आतली नळी, म्हणजेच लायनर) बसवून बोअर पुन्हा ७४ वर आणणे हा मार्ग आहे. रीबोअरला ज्या अटी आहेत त्याच अटींवर स्लीव्ह बदलण्यास ग्रुप एनमध्ये परवानगी आहे. जी१३बीबीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असून आत बिडाच्या लायनर आहेत, म्हणून हे काम अशा ब्लॉकची सवय असलेल्या बोअरिंगवाल्याकडेच द्यावे. स्टँडर्ड मापाचा चांगला जुना ब्लॉक मिळाला तर तोही पर्याय आहे.

नियमावली ज्यावर गप्प आहे त्याविषयी : ‘परिशिष्ट जे’चे मूलतत्त्व असे की, ज्या बदलाला स्पष्ट परवानगी दिलेली नाही तो बदल निषिद्ध आहे. आपल्याकडे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संस्था आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न असल्यामुळे तिच्या अखत्यारीतील स्पर्धांची भाषाही त्याच वळणाची असते. तुमच्या पत्रकाच्या सुरुवातीला ते कोणत्या मूळ नियमावलीला जोडलेले आहे हे लिहिलेले असेल, ते आधी शोधा. गेल्या वर्षी असलेले परवानगीचे वाक्य यंदा गाळले असेल, तर परवानगी काढून घेतली असेच समजा. दूरध्वनीवरच्या उत्तराला तपासणीच्या दिवशी काही किंमत नसते. हंगामात होणारे बदल क्रमांक आणि तारीख घातलेल्या बुलेटिनद्वारे कळवले जातात. प्रश्न लेखी पाठवा, लेखी उत्तर मागा आणि ते छापून सोबत ठेवा. अशा कडक नियमांचा अनेकांना राग येतो, पण माझ्या मते हौशी वर्ग त्यांच्यामुळेच टिकतो. एक्झॉस्ट आणि शॉकॲब्सॉर्बर मोकळे सोडले की ज्याच्याकडे पैसा अधिक त्याची गाडी पुढे, आणि बाकीचे दोन हंगामांत घरी बसतात.

केजच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड करू नका. ट्यूब केवळ सीमलेस असून भागत नाही. ती थंड ओढकामाने तयार केलेली, साध्या कार्बन स्टीलची आणि किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणशक्तीची असावी लागते. चालकाच्या मागच्या मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी. बाकीच्या भागांना ३८ ला २.५ किंवा ४० ला २. बॉयलरसाठी सर्रास वापरली जाणारी ३२० श्रेणीची ट्यूब म्हणजे किमान ३२० ची हमी, आणि ती इथे अपुरी आहे. फॅब्रिकेटरकडे ट्यूबचे मिल प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर ती ट्यूब कितीही चांगली दिसली तरी नाकारा. वाक थंड अवस्थेतच द्यायचा आणि त्याची त्रिज्या मध्यरेषेवर व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ च्या ट्यूबला १३५ मिलिमीटर असायला हवी. सुबक वेल्डिंग ही जमेची बाजू आहे, पण ते ट्यूबची उणीव भरून काढत नाही. भावासाठी दुचाकीचे हेल्मेट चालणार नाही. मोटार शर्यतीसाठीचे, आगरोधक अस्तराचे मान्यताप्राप्त हेल्मेट लागेल. शर्यतीच्या सीटबेल्टवरची मुदतही खरेदीपूर्वी वाचा.

रस्त्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : केज बसवलेली गाडी घरच्या कामाला वापरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. कायदा बाजूला ठेवला तरी, हेल्मेटशिवाय बसलेल्या माणसाचे डोके छोट्याशा धडकेतही त्या पोलादी नळीवर आदळू शकते. घरच्या मंडळींना त्या गाडीत बसवू नका. सर्किटपर्यंत ती दुसऱ्या वाहनावर लादून न्या. नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यत वगळलेली असते, हेही ध्यानात असू द्या. आणि सरावासाठी विजापूर रस्ता किंवा महामार्ग हा विचार मनातही नको. शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे.

गाडी तयार होईपर्यंत भावाने वेळ-अंतर-वेग प्रकारच्या रॅलीत भाग घ्यावा असे सुचवतो. तिथे वेगमर्यादेतच चालवायचे असते, उशिरा पोहोचण्याप्रमाणेच लवकर पोहोचण्यालाही दंडगुण लागतात, आणि मूळ स्वरूपातली गाडी पुरते.

धागाकर्त्याचे उत्तर

इतक्या तपशिलात उत्तर दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. बोअरिंगचे काम थांबवायला मिस्त्रींना सांगितले आहे. फॅब्रिकेटरकडे चौकशी केली असता त्यांच्याजवळच्या ट्यूबवर ३२० चाच शिक्का निघाला, त्यामुळे तो विचार सोडून प्रमाणपत्रासह ट्यूब पुण्याहून मागवणार आहोत. केज बसल्यावर ही गाडी केवळ शर्यतीसाठी ठेवायची, असे घरी ठरले आहे. स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बरचा प्रश्न आयोजकांना लेखी पाठवत आहे. उत्तर आले की त्याचा मजकूर इथे देईन.

आता एकच शंका उरते. बिडाची जुनी लायनर काढून नवी स्लीव्ह ठोकताना ॲल्युमिनियमचा ब्लॉक किती तापवावा आणि स्लीव्ह किती घट्ट बसेल असे माप ठेवावे, याबद्दल इथले दोन बोअरिंगवाले वेगवेगळी मते देत आहेत. जिप्सी, एस्टीम किंवा जुन्या स्विफ्टच्या ब्लॉकवर हे काम करून घेतलेले कोणी असल्यास, ते कोणत्या पद्धतीने केले आणि शर्यतीच्या उष्णतेत ते टिकले का, हे जरूर लिहावे.