पावसात एबीएस युनिटचा संपर्क तुटतो. युनिट बदलण्यापूर्वी काय तपासावे?

घाटवाट:
नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची डिझेल हॅचबॅक आहे. गेल्या महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटात पाऊस लागला आणि चालत्या गाडीत स्पीडोमीटरचा काटा एकाएकी शून्यावर आला. एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) आणि पॉवर स्टिअरिंगचा असे दोन्ही दिवे लागले. साखरप्याला थांबून गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, तेव्हा सगळे पूर्ववत झाले होते. त्यानंतर असे चार वेळा झाले आणि बहुतेक वेळा पाऊस होता. गॅरेजमध्ये इंजिनच्या युनिटमध्ये (नियंत्रक संगणकात) यू ०१२१ हा कोड मिळाला, म्हणजे एबीएस युनिटशी संपर्क तुटला. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (तपासणीचे यंत्र जोडतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला, तो ६०.४ ओहम आला. त्यावरून ‘वायरिंग ठीक आहे, एबीएस युनिट गेले आहे, नवीन घाला’ असे मला सांगण्यात आले. खर्च मोठा असल्यामुळे जाणकारांचे मत हवे आहे.

वायरिंगवाला:
हा कोड कोणी नोंदवला आहे, हे आधी पाहावे. संपर्क तुटल्याची तक्रार नेहमी ऐकणारे युनिट करते. ज्याचा आवाज बंद झाला ते का गप्प बसले, हे त्याला ठाऊक नसते. शेजाऱ्याच्या घरी कोणी ओ देत नाही एवढेच त्याला कळते. शेजारी आजारी आहे की त्याच्या घरची वीज गेली आहे, हे कळत नाही. त्यामुळे केवळ इंजिनचा कोड वाचून युनिट बदलणे मला पटत नाही. स्टिअरिंग, मीटर आणि बॉडी युनिट यांचे कोडही वाचून घ्या आणि विशेषतः खुद्द एबीएस युनिटच्या स्मृतीत काय आहे ते पाहा. सगळे जण एकट्या एबीएसचीच तक्रार करत असतील आणि आपसांत त्यांचे नीट चालले असेल, तर सगळ्या युनिटांना जोडणारी मुख्य तार शाबूत आहे आणि दोष एबीएसच्या फाट्यात, त्याच्या वीजपुरवठ्यात, अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या जोडणीत) किंवा त्या युनिटमध्ये आहे, इतपत खात्रीने म्हणता येते. काटा शून्यावर येण्याचा उलगडाही यातच आहे, कारण बऱ्याच गाड्यांत चाकांचा वेग एबीएस मोजते आणि मीटर व स्टिअरिंग तो त्याच्याकडून घेतात.

पुरवठा मात्र भार, म्हणजे वीज ओढणारी उपकरणे, चालू ठेवून तपासावा. अर्थिंगच्या तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मल्टिमीटर सुखेनैव १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या ऋण टोकापासून एबीएसच्या अर्थिंग पिनपर्यंत व्होल्टेज मोजा, ते ०.१ व्होल्टच्या आसपास असावे. आणखी एक विचारतो: बिघाड पावसात होतो, की पावसात आपण जे काही चालू करता त्यामुळे होतो?

दोन तारा:
वरील मताशी सहमत आहे, पण ६० ओहमविषयी थोडे लिहितो, कारण या आकड्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवला जातो. युनिटांमधले संदेश वाहणाऱ्या कॅन-हाय आणि कॅन-लो या पिळलेल्या तारांच्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो आणि ते समांतर असल्याने ६० दिसतात. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याच्या जवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. परंतु एबीएस मधल्या फाट्यावर असेल, तर त्याची शाखा पूर्ण तुटली तरी सॉकेटवर ६० ओहमच दिसतील. शिवाय हे मोजमाप कोरड्या, थंड आणि उभ्या गाडीत झाले आहे. ज्या गाड्यांत सॉकेट आणि बाकीच्या युनिटांमध्ये गेटवे (संदेश पुढे पोहोचवणारे मधले युनिट) असतो, तिथे तर या पिनांवरून आतल्या तारांविषयी काहीच कळत नाही.

म्हणून एबीएसचा प्लग काढून त्याच्याच दोन कॅन पिनांमध्ये रोध मोजा. ६० आले तर शाखा जोडलेली आहे. टोकाचा रोध खुद्द एबीएसमध्ये बसवलेला असेल, तर प्लग काढल्यावर १२० येणे योग्यच आहे, घाबरू नये. नंतर प्लग परत लावून इंजिन चालू असताना अर्थिंगच्या तुलनेत प्रत्येक तारेचे व्होल्टेज मोजा: साधा मीटर सरासरी दाखवत असल्याने कॅन-हाय २.५ व्होल्टच्या किंचित वर आणि कॅन-लो किंचित खाली दिसायला हवी. प्लगमध्ये पाणी किंवा पिनांवर हिरवा गंज आहे का, तेही पाहा. तार दुरुस्त करावी लागली तर पीळ शक्य तितका कायम ठेवा.

घाटवाट:
आपल्या दोघांचे आभार. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सगळी युनिटे वाचली. इंजिन, मीटर आणि स्टिअरिंग या तिघांतही यू ०१२१ होता. एबीएसमध्ये मात्र पुरवठा व्होल्टेज कमी असल्याचा कोड नोंदलेला होता, जो पहिल्या तपासणीत कोणी पाहिलाच नव्हता. प्लग कोरडा निघाला आणि त्याच्या कॅन पिनांवर ६० ओहम आले. अर्थिंगवरचे व्होल्टेज दिवे बंद असताना ०.३ होते, हेडलाइट आणि वायपर लावताच ते ४.२ वर गेले. त्या वेळी अल्टरनेटर १३.९ व्होल्ट देत होता, म्हणजे एबीएसच्या वाट्याला ९.७ व्होल्टच येत होते. ‘बहुतेक वेळा पाऊस’ असे मी लिहिले होते, त्यातला एक प्रसंग कोरड्या रात्रीचा होता, हे तेव्हा लक्षात आले. डावा हेडलाइट उजव्यापेक्षा मंद होता, पण बल्ब जुना झाला असेल असे मी समजत होतो.

बॅटरीच्या ट्रेखालचा बोल्ट हात लावता भाजेल इतका तापत होता. एबीएस, डावा हेडलाइट आणि वायपर या तिघांचे अर्थिंग तिथेच आहे. रंग आणि गंज घासून उघडा पत्रा काढला, तारेचे टोक नवीन बसवले, वर ग्रीस लावले. आता सगळे चालू असताना ०.०६ व्होल्ट येतात.

वायरिंगवाला:
बॅटरीचा ट्रे पूर्ण काढून पाहा. आम्ल गळून गंज लागला असेल, तर शेजारचा दुसरा बोल्टही त्याच वाटेवर असेल.