मॉरिस मायनर : गाडी तापली की पुढचे ब्रेक धरून राहतात, मास्टर सिलिंडर बदलू का?

मायनर_६४

गाडी १९६४ची मायनर १०००, १०९८ सीसी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. थंड असताना ब्रेक व्यवस्थित लागतात आणि सुटतातही. गर्दीतून दहा-बारा किलोमीटर चालवली की पेडल वर वर येत जातं, कडक होतं आणि गाडी जड पडते. न्यूट्रलमध्ये टाकली तर चार हातही पुढे जात नाही. पुढच्या ड्रमना हात लाववत नाही, मागचे कोमट असतात. तासभर उभी ठेवली की पुन्हा सगळं ठीक.

ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारे) नवे आहेत, त्यांना ढकलणारे पुढचे चारही व्हील सिलिंडर, म्हणजे प्रत्येक चाकाचे दोन, नवे आहेत. गॅरेजमध्ये म्हणतात की मास्टर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर, गेला. या गाडीत मास्टर फ्लोअरखाली चॅसीत बसवलेला आहे, तो काढायला टॉर्शन बार (सस्पेन्शनची स्प्रिंगसारखी दांडी) सरकवावा लागतो. एवढं उघडण्याआधी खात्री करून घ्यायची आहे. कशी करू?

रस्ता_मोकळा

चाकांकडे ऑइल नेणारे रबरी होज बघा. जुने होज आतून फुगतात, पायाच्या जोरावर ऑइल चाकाकडे जातं पण परत येत नाही. बाहेरून होज अगदी नवा दिसतो.

जुनं_लोखंड

होजची शंका चुकीची नाही, पण दोन्ही बाजूंचे होज एकाच वेळी, एकसारखे बंद होणं मला पटत नाही. एकच चाक धरलं असतं तर मीही होजच म्हणालो असतो. शिवाय तुमचं पेडल वर येतंय. होज बंद असेल तर चाक धरून राहील, पेडल असं हळूहळू चढत जाणार नाही. ते चढतंय याचा अर्थ सगळ्या लाइनमध्ये दाब साठतोय.

मास्टरमध्ये पिस्टन पूर्ण मागे आला की त्याच्या रबरापुढे एक अगदी बारीक भोक उघडं होतं. तापून फुगलेलं ऑइल त्यातून ब्रेक ऑइलच्या टाकीत परत जातं. पिस्टन केसभर जरी पुढे राहिला तरी भोक झाकलेलं राहतं. मग ऑइल तापलं की शू ड्रमला टेकतात, टेकल्यावर आणखी तापतात, आणि हे वाढतच जातं. पुढच्या चाकांवर दोन्ही शू लीडिंग असल्याने, म्हणजे फिरणारा ड्रमच त्यांना स्वतःवर आणखी ओढून घेतो, म्हणून त्रास आधी पुढे दिसतो. मागचे कोमट आहेत हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, सगळी लाइन एकच आहे याची ती खूण आहे.

आता तपासणीचा क्रम महत्त्वाचा. निपल (चाकामागचा ऑइल-हवा सोडायचा स्क्रू) उघडलं की दाब जातो आणि पुरावाही जातो, म्हणून ते शेवटी. ब्रेक धरलेले असतानाच पुढचं एक चाक जॅकवर घ्या, स्टँड लावा, बाकीच्या चाकांना दगड लावा. मग पेडलखाली बोट घालून ते वर ओढा. चाक सुटलं तर मास्टरच्या आतलं काही बिघडलेलं नाही, पेडलच पूर्ण मागे येत नाहीये.

नाही सुटलं तर होजच्या आधीचा लोखंडी पाइपचा नट जरासा सैल करा. डोळ्यांना चष्मा, खाली फडकं, कारण ऑइल तापलेलं असतं आणि रंगही खातं. चाक सुटलं तर अडथळा मागे, मास्टरच्या बाजूला. तरीही अडकलेलं असेल तर निपल उघडा. आता सुटलं तर होज. निपल उघडूनही चाक धरूनच राहिलं तर दाबाचा संबंध नाही, मग शू, स्प्रिंग किंवा अडकलेला पिस्टन बघायचा. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये थोडा दाब मुद्दाम राखलेला असतो, त्यामुळे दोन-चार थेंब उडाले म्हणून मास्टरला दोष देऊ नका.

स्पॅनर_ताई

यात एक गोष्ट जोडते. आधीच्या मालकाने चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकलं असेल तर मास्टरचं रबर फुगतं आणि हेच भोक झाकतं. टाकीतलं थोडं ऑइल ग्लासभर पाण्यात टाका. डॉट ३ किंवा डॉट ४ (नेहमीचं ब्रेक ऑइल) असेल तर पाण्यात मिसळून जाईल. वर तरंगलं तर खनिज तेल आहे, मग लाइनमधलं प्रत्येक रबर बदलायला हवं. सिलिकॉनचं डॉट ५ असलं तरी मिसळत नाही, पण ते सहसा जांभळट असतं.

आणि ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

मायनर_६४

आज फिरवून आणली आणि ब्रेक धरलेले असतानाच तपासलं. पेडल बोटाने जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर आलं आणि चाक लगेच हाताने फिरायला लागलं! ऑइल पाण्यात पूर्ण मिसळलं. खालून टॉर्च मारली तर पेडलचा शाफ्ट चिखलाने माखलेला, तो ज्यात फिरतो तो बुश कोरडा ठणठणीत, परतीची स्प्रिंग ढिली. मास्टरला हात लावलेला नाही.

जुनं_लोखंड

लावूही नका. पेडल काढून शाफ्ट घासा, बुश झिजला असेल तर बदला, ग्रीस भरा, स्प्रिंग नवी टाका. बसवल्यावर पेडल हाताने दाबून बघा : पुशरॉड (पेडलचा जोर पुढे नेणारी दांडी) मास्टरच्या पिस्टनला टेकण्याआधी थोडी मोकळी चाल जाणवलीच पाहिजे. पेडलच्या वाटेत फ्लोअरची मॅट येत नाही ना, तेही बघा.

पुढचे शू इतके तापलेत तर लायनिंगला काचेसारखी चकाकी आली असेल. ड्रम काढून पाहा, निळे डाग किंवा तडे असतील तर तो ड्रम वापरू नका. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, ते बरंच शिजलंय. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेलं १५५ला उकळू शकतं आणि मग हेच पेडल कडक होण्याऐवजी थेट जमिनीला टेकेल. हे सगळं होईपर्यंत गाडी उतारावर नेऊ नका.