निरोप समारंभ आणि जनरल रजिस्टर

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलींचा निरोप समारंभ कधी, कसा करावा यावर इथे बऱ्याच जणांनी लिहिलंय. तो शेवटच्या पेपरनंतर ठेवा, हे मला पटत नाही. पेपर सुटला की पालक ट्रंका उचलायला दारात उभेच; हॉल भरणार कुणी? फेब्रुवारीतच उरका.

एक काम मात्र कुणीच लिहिलं नाही. त्याच आठवड्यात प्रत्येक मुलीला शाळेच्या ऑफिसातल्या जनरल रजिस्टरमधली, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीतली, तिची नोंद दाखवा. आधार, जन्मदाखला आणि जातीचा दाखला शेजारी ठेवून आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात-पोटजात अक्षरन् अक्षर ताडून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला निघतो त्या नोंदीवरूनच. वेलांटी चुकली की जात पडताळणीत (जातीचा दाखला खरा का, या सरकारी तपासणीत) शंका निघते, आणि शाळा सोडल्यावर दुरुस्ती करून घेणं महाकठीण. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठसारख्या आडवळणी तालुक्यांतल्या पालकांचा एकेका खेपेत अख्खा दिवस, वर मजुरी बुडते.

बाकी युनिफॉर्मवर सह्या करायच्याच असतील तर आत पुठ्ठा घाला, मार्कर पाठीपर्यंत उतरतो.