प्रति: पॉडकास्ट म्हणजे डॉक्टरांची जाहिरातच ना?

तुम्ही म्हणता की प्लास्टिक सर्जनचे पॉडकास्ट म्हणजे नुसती जाहिरात, त्यात फोटो पण नाहीत मग कळणार काय, तर जाहिरातीचं अर्धं पटलं. पण फोटो नाहीत हाच मला फायदा वाटतो. रील्समधे आधीचा फोटो ट्यूबलाइटखाली पडेल चेहऱ्याने आणि नंतरचा मस्त लाइटमधे, मेकअप करून, झालं काम! ऑडिओत ती सोय नाही, तासभर बोलायचं म्हटलं की सूज, टाके, व्रण सगळं निघतंच.

नाकाच्या सर्जरीनंतर शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकतं, लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढतात ते) हा वजन उतरवायचा उपाय नाहीच, ब्रेस्ट इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे काढायची किंवा बदलायची वेळ येऊ शकते, हे सगळं मी भांडी घासता घासता ऐकलंय. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे सिगारेट बंद का, तर निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात नि जखम नीट भरत नाही. आणि 'प्लास्टिक' हा शब्द आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, आत प्लास्टिक भरत नाहीत (मला वाटायचं, हसू नका).

जाहिरात ओळखायची माझी साधी ट्रिक म्हणजे डॉक्टर कुणाला 'नाही' म्हणतात ते एपिसोडमधे येतं का बघायचं. बॉडी डिस्मॉर्फिया (दिसण्यातला नसलेला किंवा किरकोळ दोष सतत खूप मोठा वाटण्याचा मानसिक आजार) असलेल्या माणसाला कितीही ऑपरेशनं केली तरी सहसा समाधान होत नाही, त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. जो हे सांगतच नाही त्याला मी अनफॉलो करते.