विषय: नागपूरच्या घरचा कॉम्प्युटर – अँटीव्हायरस म्हणतं 'धोका नाही'

नमस्कार मंडळी,

प्रतापनगरला माझे आई-बाबा दोघंच असतात. पेन्शन, बँक, विजेचं बिल, बाबांचं सगळं घरच्या जुन्या डेस्कटॉपवर चालतं. दोन महिन्यांपासून तो फार हळू झालाय. काही न करता नुसता सुरू ठेवला तरी आतला पंखा घोंघावतो, क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान येतं, आणि उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत' असं सारखं झळकतं. विंडोजच्या अँटीव्हायरसने तपासलं तर 'धोका नाही'. बाबा म्हणतात, "अगं, ऊन काय कमी आहे का, तापत असेल."

मी इथून टीमव्ह्यूअर (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम) लावून बघू का? कोणी एवढ्यात नागपूरला जाऊन आलंय का?

---

ताई, नमस्कार.

मी सध्या नागपुरातच आहे, धरमपेठेत आमच्या घरी. गेल्या आठवड्यात दोन दिवस हेच काम केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बाबांना फोन करा, इथे आता सकाळ आहे. त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काहीही उघडू नका म्हणावं, आणि नेटची वायर काढून ठेवा. टीमव्ह्यूअर आत्ता नको. त्या मशीनवर जे टाइप कराल ते दुसरं कोणी वाचत असेल असंच धरून चाला. कोपऱ्यातल्या सूचनेत फोन नंबर असेल तर त्यावर मुळीच फोन करायचा नाही. त्या सूचना बहुतेक वेळा व्हायरसच्या नसतातच. कधीतरी एखाद्या साइटला 'अलाऊ' म्हटलेलं असतं, तीच साइट त्या पाठवते. क्रोमच्या 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून अनोळखी साइट काढल्या की ते थांबतं. पण पंख्याचं कारण वेगळं असणार.

आमच्याकडेही अँटीव्हायरसची हिरवी खूण होती, 'धोका नाही'. मला खटकली ती एकच गोष्ट: मी टास्क मॅनेजर (कोणते प्रोग्रॅम चालू आहेत ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला की पंखा शांत व्हायचा, आणि बंद केला की मिनिटभरात पुन्हा सुरू. खोलीतला कूलर बंद करून तीनदा ऐकलं. दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोचं मायनिंग करणारे, म्हणजे आपल्या मशीनला राबवून डिजिटल चलन कमावणारे, काही प्रोग्रॅम असेच वागतात. टास्क मॅनेजर उघडलेला दिसला की गप्प बसतात.

मग विंडोज सिक्युरिटीत गेलो. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी 'एक्सक्लूजन्स' म्हणून एक भाग आहे. त्यात एकच ओळ होती: सी ड्राइव्ह. अख्खा! म्हणजे राखणदाराला आधीच सांगून ठेवलेलं, की घरात बघायचंच नाही. तो प्रामाणिकपणे अंगण तपासून 'सगळं ठीक' म्हणत होता. दोन वर्षांपूर्वी बर्डीवरच्या एका दुकानात विंडोज नव्याने टाकून घेतलं होतं, लायसन्सशिवाय. असे क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवायचे प्रोग्रॅम, चालवताना अँटीव्हायरस बंद करायला लावतात किंवा असली ओळ टाकून देतात, आणि त्या आडून बाकीचं आत येतं. आमच्या बाबांना याची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी पैसे मोजले होते, त्यांना वाटलं काम चोख झालं. याचा मला फार राग आला.

ती ओळ काढली. दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन पाहतो तर ओळ परत हजर. म्हणजे कोणीतरी ती पुन्हा टाकत होतं. इथे 'ऑटोरन्स' कामी आलं. हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स नावाच्या साधनसंचातलं फुकट साधन. कॉम्प्युटर सुरू होताना काय काय आपोआप चालतं ते सगळं एका यादीत दाखवतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे, ती लावली की उरलेली यादी आवाक्यात येते. 'शेड्युल्ड टास्क्स'मध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, अपडेटसारखं साळसूद नाव घेतलेलं एक टास्क होतं. उघडून पाहिलं तर दर तासाला, खिडकी न दाखवता, पॉवरशेल (विंडोजला लेखी हुकूम देण्याचं साधन) चालवत होतं, आणि पुढे तीन ओळी अगम्य अक्षरांची माळ. आधी ते टास्क काढायचं, मग त्याने दाखवलेली फाइल, मग एक्सक्लूजनची ओळ. क्रम उलटा झाला की सगळं परत येतं.

त्यानंतरच स्कॅनला अर्थ आहे. मी आधी मालवेअरबाइट्स या दुसऱ्या अँटीव्हायरसने पूर्ण तपासणी केली, मग डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, 'ऑफलाइन स्कॅन'. तो विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, साधारण १५ मिनिटं लागतात. हे का करायचं? काही प्रोग्रॅम विंडोजलाच खोटं बोलायला लावतात. २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींमधून असाच रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारा प्रोग्रॅम, लोकांच्या मशीनवर बसत होता. ज्या फाइलचं नाव एका ठरावीक खुणेने सुरू होई ती विंडोजला दिसतच नसे. तो उघडकीला आणणारे मार्क रुसिनोविच हेच सिसइंटर्नल्सचे एक संस्थापक. लपलेल्याला शोधायचं तर बाहेरून बघावं लागतं.

साधनं स्वच्छ लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हने न्या, आणि तो पेन ड्राइव्ह फॉरमॅट केल्याशिवाय परत लॅपटॉपला लावू नका.

---

दोघांनाही नमस्कार. थोडी भर घालते.

व्हायरस काढला तरी चोरलेलं परत येत नाही. आजकालचे स्पायवेअर पासवर्डबरोबर ब्राउझरच्या कुकीजही (आपण लॉगिन केलेलं आहे हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) नेतात, त्यामुळे पासवर्ड न टाकताही कोणी तुमच्या खात्यात बसू शकतं. म्हणून दुसऱ्या स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला आणि गुगल खात्याच्या 'युअर डिव्हाइसेस'मधून सगळीकडून साइन आउट करा. जीमेलमध्ये कोणी परस्पर फॉरवर्डिंग (आपले मेल आपोआप दुसरीकडे जाणं) लावून ठेवलंय का तेही बघा. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. आपल्या सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनंही फुकट मिळतात.

आणि ताई, त्या मशीनवर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे लक्षात असू द्या.

---

मंडळी,

काल शेजारचा पोट्टा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. मी व्हिडिओ कॉलवर होते. 'एक्सक्लूजन्स' उघडल्यावर बाबांनीच भिंग घेऊन वाचून दाखवलं: "सी, कोलन, उलटी तिरकी रेघ." आमच्याकडेही तेच! नंतर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, फेब्रुवारीत विंडोज टाकून घेतलं होतं, स्वस्तात झालं म्हणून तुला सांगितलं नाही.

दादा, टास्क शोधण्यापर्यंत आम्ही गेलोच नाही. बँकेचा प्रश्न आहे, तेव्हा अर्धवट साफ केलेल्या मशीनवर माझा जीव रमणार नाही. फोटो आणि पेन्शनची पीडीएफ तेवढी काढून घेतोय, कुठलाही प्रोग्रॅम नाही. तो मुलगा स्वतःच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवेल, डिस्क पूर्ण पुसून नव्याने टाकू, आणि या वेळी लायसन्स मी विकत घेतेय. पासवर्ड आईच्या फोनवरून बदलून झाले. बाबा सोमवारी पासबुक घेऊन शाखेत जाणार आहेत, गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी एकेक करून बघायला. वायर अजून काढलेलीच आहे.